दोरीचं दुसरं टोक : कोल्हापुरातल्या सगळ्या तालीम मंडळांना खुलं पत्र

सर्व पेठांतल्या तालीम मंडळांचे आणि फुटबॉल संघांचे पदाधिकारी, खेळाडू आणि गॅलरीत घसा बसेपर्यंत ओरडणारे समर्थक यांना,

सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांचं, आबांचं दिवसकार्य झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमच्यापैकी आठ जण आमच्या घरी आलात. तीन वेगवेगळ्या मंडळांची माणसं आमच्या सोप्यात मांडीला मांडी लावून बसलेली बघून मला फार बरं वाटलं. चहा घेताना तुम्ही म्हणालात, या हंगामात आबांच्या नावानं चषक सुरू करायचा, पहिलं बक्षीस एक लाखाचं ठेवायचं आणि चौकात मोठा डिजिटल फलक लावायचा. माझ्या भावानं मान डोलावली. त्या दिवशी त्याला कुणी काहीही विचारलं असतं तरी त्यानं मान डोलावलीच असती. मी ट्रे धरून दारात उभी होते. बोलायचं होतं, पण गळा दाटून आला आणि राहून गेलं.

ते आज बोलते. तुम्हा आठ जणांना परत बोलावून सांगितलं असतं तर गोष्ट आठ जणांपुरतीच राहिली असती. आबांचं जे काही होतं ते एका मंडळाचं किंवा एका पेठेचं कधीच नव्हतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते. आमचं घर कुठल्या मंडळाचं, तेही या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आबांच्या नावानं चषक काढू नका. मला त्याऐवजी तुमच्याकडून दुसरं काहीतरी हवं आहे, आणि ते चषकापेक्षा अवघड आहे.

तुमच्यातल्या विशीतल्या पोरांना आबा म्हणजे कॉर्नरच्या निशाणाजवळ स्टुलावर बसणारं पांढऱ्या टोपीतलं म्हातारं, एवढंच ठाऊक. त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. आबांचा जन्म 1934 चा. गेले तेव्हा वय 91. वडील लवकर गेले, पाठीवर दोन भावंडं, म्हणून बाराव्या वर्षी ते गंगावेशीजवळच्या एका सायकल दुकानात कामाला लागले. तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं. मुंबई राज्यात विलीन व्हायला 1949 चा मार्च उजाडायचा होता. 1958 साली त्यांनी शुक्रवार पेठेत स्वतःचं दुकान काढलं. एक गाळा, बारा भाड्याच्या सायकली, एक उभा पंप आणि बसायला पोतं. पुढची साठ वर्षं ते त्या पोत्यावर बसून राहिले.

दुकान पहाटे पाचला उघडायचं, कारण आजूबाजूच्या खेड्यांतून हँडलला कासंड्या अडकवून गवळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्याकडे निघालेले असायचे आणि त्यांचं चाक पंक्चर झालं तर दूध थांबत नाही. त्यांच्यामागून शाहू मिलचे कामगार, मग उद्यमनगरातल्या फाउंड्रीत पहिल्या पाळीला जाणारे. शहर तेव्हा सायकलवर चालायचं आणि त्यातल्या कितीतरी सायकली आबांच्या हाताखालून जायच्या. रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना मी त्यांना तासन्‌तास बघितलंय. सायकल उलटी टेकवून चाक हळू फिरवायचे आणि अंगठ्याचं नख रिमच्या अगदी जवळ धरायचे. जिथं नखाला रिम लागेल तिथं चाक थांबवायचं, त्या बाजूची तार अर्धा आटा सैल करायची, पलीकडच्या बाजूची अर्धा आटा आवळायची, परत फिरवायचं. शेवटी नख आणि रिम यांच्यातली ती केसाएवढी फट सगळीकडे सारखी दिसली की ते मान न उचलता म्हणायचे, "झालं, न्हे." आठ आणे, बारा आणे. नसले तर उधारीच्या वहीत. ती वही त्यांनी कधी कुणाच्या दारात नेली नाही.

फुटबॉल त्यांच्या आयुष्यात आला तो याच दुकानातून. आजचा बॉल पंपानं फुगवला की झालं. तेव्हाचा बॉल म्हणजे दोन वस्तू होत्या, बाहेर चामड्याचं कव्हर आणि आत रबराचा ब्लॅडर. कव्हरचं तोंड बुटासारखं वादीनं आवळायचं. पावसात भिजला की तो असा जड व्हायचा की हेड मारणाऱ्याच्या मानेला झिणझिण्या यायच्या, आणि वादीची गाठ कपाळावर बसली तर रक्तच. नवा बॉल घ्यायला पैसे कुणाकडे? ब्लॅडर गेला की पोरं आबांच्या दुकानात. आबा वादी सोडून ब्लॅडर बाहेर काढायचे, फुगवून पाण्याच्या घमेल्यात दाबायचे, बुडबुडा दिसला की तिथं कॉपिंग पेन्सिलनं जांभळी खूण. मग पुसून, कानसेनं खरवडून, सोल्युशन लावून फुंकर मारत वाळवायचं आणि जुन्या ट्यूबचं गोल कापलेलं ठिगळ बसवून हातोडीच्या दांड्यानं घासत राहायचं. बॉलचे पैसे त्यांनी कुणाकडून घेतले नाहीत. कुठल्या पेठेचा बॉल आहे हेही कधी विचारलं नाही.

कव्हरची शिवण उसवली असेल तर मात्र आबांचा हात थांबायचा. तो बॉल जायचा चप्पल लाईनीत, त्यांच्या दोस्ताकडे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. एकही खिळा न मारता, चामड्याच्या वादीनं थरावर थर शिवून कापशी चप्पल बांधणारा तो हात. फुटबॉलची शिवण म्हणजे त्यांना अर्ध्या तासाचं काम, पण करायचे मन लावून. आरी टोचताना ओठ दाबून धरायचे. तेही पैसे घ्यायचे नाहीत. कोल्हापूरच्या मैदानांवर कित्येक वर्षं जे बॉल पोरांनी लाथाडले, त्यांतले किती तरी आतून आबांचे आणि बाहेरून काकांचे होते. दोघं एकाच किटलीतला चहा पिताना मी लहानपणापासून बघितले. त्यात काही विशेष आहे हेही मला कळत नव्हतं. पुढे शाळेत शिकवायला लागले आणि शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांदेखत चहा प्यायचे, हा धडा मुलांना सांगताना एकदम त्या किटलीची आठवण आली. 2022 च्या 6 मे रोजी महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहाला सगळं कोल्हापूर 100 सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. आबा तेव्हा 88 वर्षांचे. दुकानाच्या दारात हातातला पाना खाली न ठेवता उभे राहिले. नंतर काही बोलले नाहीत, तसेच पोत्यावर बसले आणि काकांच्या नातवाला फोन लावून दे म्हणाले. काका तोवर गेले होते.

फुटबॉल हा तालमींचा खेळ कसा झाला, याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. तुम्हाला वाटणार नाही. महाराजांनी रोममधलं जुनं आखाड्याचं मैदान पाहून इथं खासबाग उभं केलं, 1912 साली ते सुरू झालं, पेठापेठांतल्या तालमींना आधार दिला. ज्या पोरांनी तांबड्या मातीत जोर मारले, त्यांचीच भावंडं संध्याकाळी बॉलमागं धावली. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली, लीग सुरू झाली, आणि तालमीचं नाव बनियनवर चढलं. म्हणून आपल्याकडं संघ क्लबचा नसतो, पेठेचा असतो. लहान पोराला आधी आपलं मंडळ कळतं आणि मग आपलं आडनाव. यातलं चांगलं मला ठाऊक आहे, मी त्यातच वाढले. वाईटही ठाऊक आहे, त्याच्यावर पुढे येते.

आबा खेळाडू म्हणून बरे होते, फार मोठे नव्हते. गुडघा गेला आणि तिशीच्या आतच खेळ सुटला. पण मैदान सुटलं नाही. 1963 पासून त्यांनी जे काम धरलं, ते तुम्ही बघितलंय पण पाहिलं नाही असं मला वाटतं. पेठेतल्या लहान पोरांच्या स्पर्धा, गांधी मैदानावरचे, दुधाळीवरचे सामने, सरावाचे सामने, यांच्यासाठी मैदानाची आखणी आबा करायचे. पहाटे दुकान भावाच्या हवाली करून, सायकलच्या कॅरिअरला फक्कीची, म्हणजे रेघा मारायच्या पांढऱ्या पुडीची पिशवी बांधून जायचे. आधी मैदानभर फिरून काचा आणि खडे वेचायचे. मग जाळी बांधायची, मग फक्की.

त्यासाठी त्यांच्याकडं एक पत्र्याची पेटी होती. त्यात पंप, पिना, ठिगळं, जाळी बांधायची सुतळी, शिट्टी, आयोडिन, कापूस आणि एक दोरी. ही दोरी सुताची आहे, करंगळीएवढी जाड, तेलानं आणि हातांनी काळी पडलेली. तिला चार गाठी आहेत, 6, 10, 12 आणि 18 यार्डांवर. 6 ची छोट्या डीची, म्हणजे गोलसमोरच्या छोट्या चौकटीची, 10 ची मधल्या वर्तुळाची, 12 ची पेनल्टीच्या ठिपक्याची, 18 ची मोठ्या डीची. पट्टी नाही, टेप नाही, या चार गाठींवर अख्खं मैदान उभं राहायचं. अंधारातसुद्धा बोटांनी गाठ मोजायचे.

दोरीला दोन टोकं असतात. एक आबांच्या हातात. दुसरं धरायला ते आपल्या मंडळाचं पोरगं कधीच घेत नसत. समोरच्या संघातलं कुणीतरी लवकर आलेलं असायचंच, त्याला हाक मारायचे, "ये रे, टोक धर."

मी नऊ वर्षांची असताना एकदा त्यांच्यामागं हट्टानं मैदानावर गेले होते. तेव्हा मीही कोल्हापूरच्या बाकीच्या पोरींसारखी 'मी आलो, मी गेलो' म्हणणारी. म्हटलं, "आबा, मी धरतो की टोक." आबा म्हणाले, "तू आपली हाईस. आपलं माणूस चालत न्हाई." मला रडू फुटलं. तेव्हा माझ्यासमोर उकिडवे बसून त्यांनी समजावलं, "बाळ, 18 च्या जागी 16 भरलं, तर उद्या हेच म्हणणार, ह्यांनी डी चोरली. त्यानंच टोक धरलं तर त्याची जीभ उचलणार न्हाई. आणि त्यानं वढलं तर माझी पण न्हाई." एवढंच. यापलीकडं आबा कधी काही बोलले नाहीत. मोठी मोठी वाक्यं त्यांना यायची नाहीत.

आता घराचं सांगते, कारण शोकसभेत सगळे आबांचंच बोलले आणि माझ्या आईचं नाव एकदाही आलं नाही. संघाचे बनियन आई शिवायची. कापडाचा ताग यायचा, जुन्या मशीनवर रात्री बसून ती बाह्या जोडायची आणि पाठीवर पांढऱ्या कापडाचे आकडे बसवायची. 8 चा आकडा तिला नकोसा वाटायचा, दोन भोकं सारखी येत नाहीत म्हणून. जिंकून आले की तांबडा-पांढरा, हरून आले तरी पिठलं-भाकरी, पण ताटं पंधरा. "घरात ह्यांची चार पोरं आणि मैदानावर अकरा," ती म्हणायची. हसून म्हणायची, पण नेहमी हसून नाही. 1978 साली धाकट्या भावाला टायफॉईड झाला. ताप 104 वर गेला तेव्हा आबा मैदानावर होते, आणि सामना संपवूनच आले. आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आबांनी पेटी आईसमोर आणून ठेवली आणि म्हणाले, "घरात कुणी आजारी आसंल तर ही दुसऱ्याच्या हातात जाईल." तेव्हापासून त्यांनी दरवर्षी एक-दोन पोरांना आखणी शिकवायला घेतलं आणि तो शब्द पाळला. माझी दोन्ही बाळंतपणं, आईचं शेवटचं आजारपण, प्रत्येक वेळी ते घरात होते आणि मैदानावर दुसरं कुणीतरी दोरी धरून होतं. माणसानं सगळ्यांना वेळ दिला असं म्हणणं सोपं आहे. आबांनी ते एकदा चुकून मग शिकून घेतलं, म्हणून मला त्यांचा जास्त अभिमान वाटतो.

धंद्याचे दिवसही सारखे राहिले नाहीत. लुना आल्या, स्कूटरी आल्या, तासावर सायकल न्यायला कुणी येईना. 1991 साली आबांनी भाड्याच्या सायकली विकल्या. कुणीतरी म्हणालं मोटरसायकलचं गॅरेज घाला, कुणी म्हणालं गाळा भाड्यानं द्या आणि घरी बसा. ते लहान मुलांच्या सायकली विकायला लागले. माझ्या पगारातून मी काही देऊ केलं तर घेत नसत, म्हणून मी माझ्या वर्गातल्या मुलांना त्यांच्याकडं पाठवायचे. ते त्या मुलांना सूट द्यायचे, म्हणजे माझा हिशेब पुन्हा तिथंच यायचा.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी 55 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 43 ची. शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीत दुकान बुडालं, खालचा मजला बुडाला, आबा आणि भाऊ वरच्या माळ्यावर. लाईट नाही, फोनची बॅटरी संपलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधलेला तराफा घेऊन चार पोरं आली. आमच्या मंडळाची नव्हती. त्याच हंगामात ज्यांच्याशी आमच्या पोरांची गॅलरीत मोठी हाणामारी झाली होती, त्या मंडळाची होती. आबा 85 वर्षांचे. म्हणाले, पेटी घेतल्याशिवाय येत नाही. भाऊ चिडला. त्यातल्या एका पोरानं काही न बोलता पेटी डोक्यावर घेतली आणि छातीएवढ्या पाण्यातून तराफ्याच्या कडेनं चालत ती मुख्य रस्त्यापर्यंत आणली. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्या पुराच्या आठवड्यात पेठापेठांतल्या मंडळांच्या पोरांनी किती माणसं बाहेर काढली, किती ठिकाणी भाकरी पोचवली, हे कोल्हापूर विसरलेलं नाही.

तेच पोरगं दोन वर्षांपूर्वी एका सामन्यानंतर पकडलं गेलं. सामन्यात वाद झाला, गॅलरीतून बाटल्या आल्या, मग दगड आले, सामना थांबला, भांडण रस्त्यावर गेलं. गुन्हे दाखल झाले, त्यात याचंही नाव. पोलीस भरतीची तयारी करत होता तो. गुन्हा नोंद असला की चारित्र्य पडताळणीत काय होतं, हे तुम्हा पदाधिकाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या रात्री त्याला चिथावणारे किती जण आज त्याच्यासोबत तारखेला उभे राहतात, तेही तुम्हाला माहीत आहे.

मी कुणा एका मंडळाकडं बोट दाखवत नाही. दगड आमच्या बाजूनंही गेले. पण हे तर विचारलंच पाहिजे की पुराच्या पाण्यात परक्या पेठेतल्या म्हाताऱ्याची पेटी डोक्यावर घेणारं पोरगं आणि गॅलरीतून दगड मारणारं पोरगं एकच कसं असतं. मी 34 वर्षं शाळेत शिकवलं. पोरगं वाईट नव्हतं. पुरात त्याच्या हाताला काम होतं आणि गॅलरीत त्याच्या हाताला काहीच नव्हतं, मला दिसतं ते हे. समोरच्या मंडळाचं पोरगं त्याला फक्त लांबून, ओरडताना माहीत. त्याच्यासोबत त्यानं कधी जाळी बांधली नाही, कधी काचा वेचल्या नाहीत.

आबांना मी हे असं कधी बोलून दाखवलं नाही. गुन्ह्याची बातमी त्यांना कळली, त्यानंतरच्या रविवारी ते सकाळी रिक्षा करून त्या पोराच्या घरी गेले. वय 89. त्याला उठवून दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या सामन्याच्या आखणीला घेऊन गेले आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. त्यानंतर तो जवळजवळ दर रविवारी यायचा. परवा आमच्या सोप्यात जे आठ जण बसले होते, त्यांत तो होता. चषकाची बोलणी चालली होती तेव्हा तो खाली बघत होता.

आता माझं मागणं. प्रत्येक मंडळानं आपली दोन पोरं नेमावीत. लहान मुलांच्या सामन्यांना, सरावाच्या सामन्यांना, पेठेतल्या मैदानांवर, सामना ज्या दोन मंडळांचा असेल त्या दोघांच्या पोरांनी मिळून सकाळी आखणी करावी. काचा मिळून वेचाव्यात, जाळी मिळून बांधावी, संपल्यावर मिळून सोडावी. एक टोक एकाचं, दुसरं दुसऱ्याचं. शाहू स्टेडियमवरच्या मोठ्या सामन्यांना आखणी तुमच्या हातात नसते, हे मला कळतं. तिथं निदान एवढं करा की खेळ सुरू व्हायच्या अर्धा तास आधी दोन्ही मंडळांचा एक-एक माणूस मैदानात जाऊन दोन्ही गोलच्या जाळ्या बघेल, बॉलची हवा बघेल, आणि हे गॅलरीतल्या हजारो माणसांना दिसेल. अध्यक्षांनी जायचं नाही, पोरांनी जायचं.

चषकासाठी जे एक लाख रुपये तुम्ही काढणार होता, त्यातून फक्की घ्या, जाळ्या घ्या, लहान पोरांसाठी चार नंबरचे बॉल घ्या आणि सकाळी आखणीला येणाऱ्यांच्या चहा-मिसळीचं बघा. मुलींच्या संघांनाही त्यात धरा. माझी नात खेळते. आबांनी ज्या सामन्याची शेवटची आखणी केली तो मुलींचा होता, आणि दुसरं टोक तेव्हा एका मुलीच्याच हातात होतं. 55 वर्षांपूर्वीचं माझं रडणं त्या दिवशी निवलं.

फलक तर अजिबात नको. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ते आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेले, म्हणून आपण त्यांना आपलं म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यांना हेलसिंकीला पाठवायला त्याच कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले होते. आबा ही गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगायचे आणि शेवटी विचारायचे, "त्या घराचं पुढं काय झालं, कुणी इचारलं काय?" पोरं गप्प बसायची. आबाही.

आणखी एक. पेटीच्या तळाशी वह्या आहेत, शाळेच्या, शंभर पानी. मला वाटायचं त्यात सामन्यांचे निकाल असतील. गेल्या आठवड्यात उघडून बघितल्या. निकाल एकाही पानावर नाही. तारीख, मैदान, आणि टोक कुणी धरलं त्याचं नाव. 1963 पासून गेल्या वर्षीपर्यंत. नावापुढं कुठं कुठं बारीक अक्षरात 'हात थरथरतो', 'सरळ धरतो', 'सकाळी उपाशी आला' असं काही. मी मोजली, 400 च्या वर वेगवेगळी नावं आहेत. त्यातली बरीच आडनावं आजही तुमच्या बनियनवर आहेत. कुणाचे वडील, कुणाचे आजोबा. ज्या दोन मंडळांत गेल्या हंगामात भांडण झालं, त्या दोन्हींचे आजचे जुने कार्यकर्ते 1987 च्या एकाच पानावर, एकाखाली एक आहेत. त्या वह्या मी कुणाला देणार नाही, पण घरी येऊन ज्याला आपल्या माणसाचं नाव शोधायचं असेल त्यानं शोधावं. वहीचं शेवटचं भरलेलं पान त्या मुलीच्या नावाचं आहे. पुढची पानं कोरी आहेत, ती वही मी पेटीतच ठेवते आहे.

दिवाळी झाली की हंगामाची नोंदणी सुरू होईल, त्याआधी निर्णय घ्या. पेटी न्यायला कधीही या, मी पहाटे पाचपासून जागी असते, ती सवय आबांचीच. पण एका मंडळाच्या दोघांनी येऊ नका. दोन मंडळांचा एक-एक या. पेटीला दोन बाजूंना कड्या आहेत आणि ती भरलेली असली की एकट्याला उचलत नाही. पंपाचा वायसर मी नवा घातला आहे. येताना बॉल घेऊन या, हवा भरून बघू.

आपली,
आबांची थोरली मुलगी
शुक्रवार पेठ, कोल्हापूर